जखम भरते, परजीवी राहतो: उंदराच्या कातडीतल्या लिशमॅनियाबद्दल वारंवार येणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. त्याआधी काही वर्षं लॅबमध्ये उंदराच्या कानावर लिशमॅनिया या एकपेशी परजीवीची जखम कशी वाढते नि कशी भरते हे मोजायचं काम केलंय. नेट-सेटवाली पोरं, बीएस्सीची पोरं, मधूनच गावाकडचे नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न मोबाईलवर पाठवायलेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मॅडम, कातडीचा परजीवी म्हणजे नेमकं काय? नायटा, खरूज पण त्यातच येतं का?

नायटा नाही, तो बुरशीचा. खरूज मात्र येते, ती कातडीत बीळ करणाऱ्या बारक्या माईटमुळे होते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल, बारवेत पाय बुडवून पाणी भरायचे नि तेच प्यायचे, मग वर्षभरानं पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी निघायची आणि ती काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडी थोडी काढायची, तोही परजीवीच. त्याचा भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

इथं जो विषय आहे तो या सगळ्यांपेक्षा कितीतरी लहान, एकाच पेशीचा, नाव लिशमॅनिया मेजर. काळा आजार करणाऱ्या लिशमॅनिया डोनोवानीचा हा भाऊबंद (लिशमन आणि डोनोवन या दोघांनी १९०३ मध्ये तो परजीवी दाखवला म्हणून ते नाव). काळा आजार यकृत, प्लीहा नि अस्थिमज्जेत घुसतो, मेजर मात्र कातडीतच राहतो, मध्य आशिया, पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका हा त्याचा मुलूख. वाळूमाशी नावाची बारीक माशी चावून हा पसरवते (प्रश्न ३), तिच्या पोटात त्याला शेपटी असते, आपल्या पेशीत शिरला की शेपटी आखडून तो गोल होतो. जखमेतल्या द्रवाची स्लाइड गिम्सानं रंगवून ऑइल इमर्शनखाली बघितली की एकेका मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळून मारणाऱ्या आपल्या पेशीत) हुरड्याच्या कणसात दाणे बसावेत तसे हे गोल गच्च बसलेले दिसतात, प्रत्येकात एक जांभळा ठिपका आणि त्याच्या बाजूला एक बारीक काडी. ती काडी दिसली की समजायचं हाच तो.

२. उंदीरच का घेतात? आमच्या शेतातला उंदीर चालेल का?

शेतातला नाही चालत. लॅबचे उंदीर पिढ्यानपिढ्या भावा-बहिणींच्या संकरातून वाढवलेले असतात, त्यामुळे एका जातीतले सगळे जुळ्या भावंडांसारखे. एकात जे दिसलं ते दुसऱ्यातही दिसायला हवं, फरक दिसला तर तो आपण केलेल्या बदलामुळे, असं ठामपणे म्हणता येतं. शेतातला प्रत्येक उंदीर वेगळा, त्याला आधी काय काय होऊन गेलंय कुणाला माहीत.

दोन जाती लक्षात ठेवा, सगळा विषय त्यांच्याभोवती फिरतो. एक काळा उंदीर, सी५७ ब्लॅक ६. दुसरा पांढरा, बाल्ब सी. का ते प्रश्न ४ मध्ये.

३. वाळूमाशी चावल्यावर पहिल्या काही तासांत काय होतं?

आधी माशी कशी ते सांगते, कारण बऱ्याच जणांना ती डासच वाटते. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर बारीक केस, बसली की पंख व्ही आकारात वर धरते. भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे, ओल असलेली जागा, तिथं राहते नि संध्याकाळनंतर चावते. महाराष्ट्रातही आहे ती, नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचं नाव ज्या व्हायरसला १९६५ मध्ये मिळालं तो याच माशीतून पसरतो.

डास सुई टोचल्यासारखा थेट रक्तवाहिनीत नळी घालतो, ही माशी कातडी फाडते, रक्ताचं बारीक डबकं करते आणि ते पिते. म्हणजे खरोखरची जखम होते. जखम झाली की न्यूट्रोफिल (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धावत येतात, ते त्यांचं कामच आहे. २००८ मध्ये जिवंत उंदराच्या कानात मायक्रोस्कोपनं हे प्रत्यक्ष बघितलं गेलं, न्यूट्रोफिल येतात, परजीवींना गिळतात, पण सगळे परजीवी मरत नाहीत, बरेच जिवंत राहून पुढं मॅक्रोफेजमध्ये पोचतात. आणखी एक धक्का देणारी गोष्ट म्हणजे त्या प्रयोगात न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले तर संसर्ग वाढण्याऐवजी कमी झाला. मला स्वतःला हा निकाल पहिल्यांदा वाचताना दोनदा वाचावा लागला होता.

माशीची लाळही साधी नाही, ती रक्त गोठू देत नाही आणि तिथली प्रतिकारशक्ती दाबते. पण ज्या उंदरांना आधी बिनपरजीवीच्या माशा चावलेल्या असतात त्यांना नंतरच्या संसर्गापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, कारण शरीर लाळेलाच ओळखायला शिकतं.

४. परजीवी एकच, मग काळा उंदीर बरा होतो आणि पांढऱ्याचं वाटोळं होतं, हे कसं काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि परीक्षेतही हाच येतो, म्हणून जरा निवांत वाचा.

दोघांच्या पायाच्या तळव्यात सारखेच परजीवी टोचले तर पहिले काही आठवडे दोघांचाही पाय सुजतो. मग काळ्याची सूज उतरायला लागते नि जखम भरते. पांढऱ्याची वाढतच जाते, पाय सडतो, परजीवी लिम्फ नोड (लसिका गाठी), प्लीहा असं करत अंगभर पसरतो. आता लोकांना वाटतं पांढऱ्याची प्रतिकारशक्ती कमी असणार. तसं अजिबात नाही! पांढऱ्याची प्रतिकारशक्ती जोरात चालू असते, अँटिबॉडीही भरपूर असतात. तिची दिशाच चुकलेली असते.

१९८६ मध्ये मोसमन, कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या मदतनीस टी पेशी दोन तऱ्हेच्या असतात. टीएच-१ पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, टीएच-२ पेशी आयएल-४ सोडतात, ही दोन्ही बाकीच्या पेशींना निरोप देणारी प्रथिनं. १९८९ मध्ये हाइन्झेल, लॉक्सली वगैरेंनी हेच लिशमॅनियाच्या उंदरांत बघितलं, बरा होणाऱ्यात इंटरफेरॉन गॅमा जास्त, बिघडणाऱ्यात आयएल-४ जास्त. पांढऱ्या उंदराला सुरुवातीलाच आयएल-४ अडवणारी अँटिबॉडी दिली तर तोही बरा होतो, आणि काळ्या उंदरातून इंटरफेरॉन गॅमाचा जीनच काढला तर त्याचंही वाटोळं होतं. टीएच-१ कडे वळायला आयएल-१२ हा असाच आणखी एक निरोप लागतो, तो मुख्यतः डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना परजीवीची ओळख करून देणाऱ्या) देतात.

आता खरी गंमत मॅक्रोफेजच्या आत आहे. मॅक्रोफेजकडे आर्जिनिन नावाचा एक अमिनो आम्ल असतो. इंटरफेरॉन गॅमाचा निरोप आला की मॅक्रोफेज आयनॉस हे एन्झाइम बनवतो आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतो, तो परजीवीला मारतो. आयएल-४ चा निरोप आला तर आर्जिनेज बनतं आणि त्याच आर्जिनिनपासून पुढं पॉलिअमाइन तयार होतात, जे परजीवीला वाढायला लागतात. म्हणजे घरात पीठ तेवढंच, एका निरोपावर त्याची भाकर परजीवीच्या ताटात पडते आणि दुसऱ्या निरोपावर त्याच्यासाठी विष शिजतं.

५. म्हणजे टीएच-२ वाईट, असं लिहू का पेपरात?

नका लिहू. जंत आतड्यातून बाहेर काढायला टीएच-२ च लागतं, खरजेच्या माईटला, गोचिडाला मिळणाऱ्या प्रतिसादातही त्याचा वाटा असतो. पेशीच्या आत लपणाऱ्या लिशमॅनियासाठी ते चुकीचं हत्यार आहे, एवढंच म्हणायचं.

६. पण अँटिबॉडी भरपूर असताना उपयोग का होत नाही? अँटिबॉडी म्हणजेच प्रतिकारशक्ती ना?

कोरोनानंतर सगळ्यांच्या डोक्यात हे बसलंय. अँटिबॉडी पेशीच्या बाहेर काम करते, परजीवी पेशीच्या आत. त्यापुढची गोष्ट जास्त वाईट आहे. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेल्या परजीवीला अँटिबॉडी चिकटली की मॅक्रोफेज त्या अँटिबॉडीला धरूनच त्याला आत घेतो, आणि असं आत घेताना मॅक्रोफेज आयएल-१० सोडतो, जे त्याचीच मारायची ताकद कमी करतं. म्हणजे अँटिबॉडी इथं परजीवीला हाताला धरून घरात आणून सोडते.

७. जखम भरली, खपली पडली, म्हणजे उंदीर बरा झाला ना? मग याला क्रॉनिक (जुनाट) का म्हणायचं?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव या प्रश्नात आहे.

नैसर्गिक संसर्गासारखा प्रयोग करायचा तर कानाच्या कातडीत अगदी थोडे परजीवी टोचतात, शंभर वगैरे. पहिले चार-पाच आठवडे काहीच दिसत नाही. मी दर आठवड्याला कॅलिपरनं कान मोजायची, साधारण पाव मिलिमीटर जाड असतो तो, आणि आकडा हलायचाच नाही, पण त्याच दिवशी दुसऱ्या उंदराचा कान वाटून बघितला तर आत परजीवी हजारोंनी वाढलेले असायचे. मग अचानक कान फुगतो, मधोमध फोड, फोडावर खपली, आणि गमतीची गोष्ट म्हणजे जखम दिसायला लागते तेव्हाच आत परजीवी कमी व्हायला लागलेले असतात. दहा-बारा आठवड्यांत कान भरतो, हाताला गुळगुळीत लागतो, कधी फक्त बारीक भोक किंवा पांढुरका व्रण. तो गुळगुळीत कान घेऊन वाटला नि कल्चरमध्ये (परजीवी वाढवायच्या द्रवात) टाकला की काही दिवसांत खाली शेपट्या हलवत परजीवी फिरताना दिसतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं माझ्याकडून ट्यूब बदलली.

ट्यूब बदलली नव्हती. बरा झालेला काळा उंदीर आयुष्यभर थोडे परजीवी बाळगतो. ते टिकतात कारण जखमेच्या जागी नियामक टी पेशी, ज्यांना ट्रेग म्हणतात, त्या जमतात आणि आयएल-१० सोडून मारामारीला लगाम घालतात. यास्मिन बेलकेड यांच्या गटानं हे २००२ मध्ये दाखवलं. आयएल-१० नसलेल्या उंदरात परजीवी पूर्ण साफ होतात. १९९६ मध्ये उलटा प्रयोगही झाला, बऱ्या झालेल्या उंदराचं आयनॉस औषधानं बंद केलं तर जखम परत उमळली. म्हणजे शांतता दिसते तिथं पहारा चालू असतो, तो उठला की परजीवी परत डोकं वर काढतो.

८. मग ट्रेग काढून टाका, परजीवी पूर्ण साफ करा, विषय संपला. बरोबर ना?

वाटतं तसं, पण इथंच अडतं. थोडे परजीवी बाळगणाऱ्या उंदराला दुसऱ्या कानात नवा संसर्ग दिला तर तो जवळजवळ जखमेशिवाय निभावून नेतो. ज्यांच्यात परजीवी पूर्ण साफ झाले त्या उंदरांत हे दुसऱ्या वेळचं संरक्षण ढिलं पडतं.

कारण असं. नव्या चाव्याच्या जागी पहिल्या काही तासांत-दिवसांत जे धावत येतात ते तयार शिपाई, म्हणजे लगेच इंटरफेरॉन गॅमा सोडू शकणाऱ्या टीएच-१ पेशी. त्यांचं आयुष्य थोडं असतं. अंगात परजीवी असेल तर जुने मरतात तसे नवे तयार होत राहतात, फौज कायम उभी राहते. २०१४ च्या कामात दिसलं की क्रॉनिक संसर्ग असलेल्या उंदरात अशा अल्पायुषी पेशी सतत भरपूर असतात, पण त्याच पेशी परजीवी नसलेल्या उंदरात सोडल्या तर टिकत नाहीत.

स्मृतिपेशी (आधीचा जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) राहतात की, असं कुणीतरी विचारणारच. राहतात. २००४ मध्ये दाखवलं गेलं की परजीवी नसतानाही लिम्फ नोडमध्ये फिरणाऱ्या सेंट्रल मेमरी पेशी टिकतात, आणि २०१५ मध्ये कातडीतच मुक्काम करणाऱ्या स्मृतिपेशीही सापडल्या. पण लिम्फ नोडमधल्या पेशींना जागं व्हायला, वाढायला, कातडीपर्यंत यायला वेळ लागतो, आणि परजीवी तोवर मॅक्रोफेजमध्ये शिरून बसतो. शेजारच्या तालुक्यातून पोलीस येईपर्यंत चोर घरात शिरलेला असतो, दारातला राखणदार लगेच काठी उचलतो, फरक तेवढाच पण निर्णायक.

९. मग लस का निघत नाही?

प्रश्न ८ चं उत्तर वाचलं असेल तर निम्मं कळलंच असेल. मेलेल्या परजीवीची लस दिली की स्मृती तयार होते, पण उभी फौज राहत नाही. २००९ मध्ये अशी लस दिलेल्या उंदरांना दोन गटांत तपासलं. सुईनं परजीवी टोचले तर लस चालली. तेच परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून दिले तर चालली नाही. चाव्याच्या जागी न्यूट्रोफिल ठाण मांडून बसतात (प्रश्न ३), सुईच्या जागी ते लवकर निघून जातात. कितीतरी वर्षं सुईवर पास झालेल्या लसी माणसात का फसल्या याचं एक कारण यात आहे असं मला वाटतं.

जुन्या काळी पश्चिम आणि मध्य आशियात एक पद्धत होती, जिवंत परजीवी मुद्दाम झाकल्या जागेवर टोचायचे म्हणजे एक जखम होऊन भरेल आणि पुढं चेहऱ्यावर होणार नाही. संरक्षण खरंच मिळायचं, पण काहींची जखम लांबायची, म्हणून बहुतेक ठिकाणी ती बंद झाली.

१०. पांढरा उंदीर नेहमी मरतो आणि काळा नेहमी वाचतो का? आमच्या गाईडबुकात तसंच दिलंय.

नाही, अपवाद आहेत. पांढऱ्या उंदराला अगदी कमी परजीवी टोचले तर तो टीएच-१ कडे वळून टिकू शकतो, हे १९९२ मध्येच दाखवलंय. प्रयोगात बऱ्याचदा दहा-दहा लाख परजीवी टोचतात, माशी चाव्यात बहुतेक वेळा काही शेच सोडते, हा फरक गाईडबुकं सांगत नाहीत. उलट बाजूनं लिशमॅनिया मेजरचा सीडमन नावाचा एक वाण आहे, तो काळ्या उंदरातही न भरणारी जखम करतो, टीएच-१ प्रतिसाद चांगला असूनसुद्धा. तो कातडीतल्या एका खास तऱ्हेच्या मॅक्रोफेजमध्ये घर करतो ज्यांचा कल आधीच आयएल-४ आणि आयएल-१० मुळे मवाळ झालेला असतो.

आणि आयएल-४ चा जीन काढलेल्या पांढऱ्या उंदरांचे निकाल वेगवेगळ्या लॅबमध्ये वेगवेगळे आले, काही ठिकाणी बरे झाले, काही ठिकाणी नाही. त्यामुळे टीएच-१, टीएच-२ ही चौकट शिकायला उत्तम, पण तीच सगळं सत्य धरून बसू नका.

११. जखम जेवढी मोठी तेवढे परजीवी जास्त, बरोबर?

चूक. प्रश्न ७ मध्ये बघितलंत, परजीवी उतरणीला लागले तेव्हा जखम वर आली. जखम बरीचशी आपल्याच पेशी करतात. लिशमॅनिया ब्राझिलिएन्सिसच्या (लिशमॅनियाचीच दुसरी जात) प्रयोगात टी पेशी आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी नसलेल्या उंदरांत परजीवी खूप असूनही जखम फारशी झाली नाही, त्यांना सीडी-८ टी पेशी दिल्यावर मात्र ती भयंकर वाढली, कारण त्या पेशी संसर्ग झालेल्या पेशी फोडत सुटतात.

१२. गुरांच्या गोचिडाचं पण असंच असतं का?

एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा प्रश्न, मला फार आवडला. गोचीड बाहेर राहतो, पेशीत शिरत नाही, त्यामुळे प्रश्न ४ मधलं मॅक्रोफेजचं गणित तिथं लागू नाही. पण लाळेची गोष्ट तीच, तिथंही लाळेतले घटक कातडीची प्रतिकारशक्ती दाबतात. वशिंडाच्या देशी गाई, आपली देवणी, लाल कंधारी याच गटातल्या, या गटात गोचीड संकरित होल्स्टीन-जर्सीपेक्षा कमी टिकतात, त्यात कातडीच्या प्रतिसादाचाही वाटा आहे.

१३. माझ्या हातावरची जखम दोन महिने भरत नाही, हाच रोग असेल का? गावात डाग द्या म्हणतेत.

डाग देऊ नका, हात जोडून सांगते. या रोगावर उष्णता देऊन उपचार होतात हे खरं, पण त्याला मोजून पन्नास अंश, तीस सेकंद, असं मशीन असतं, तापवलेला विळा नाही. आणि मराठवाड्यात हा रोग नेहमीचा नाही, भारतात कातडीचा लिशमॅनिया मुख्यतः राजस्थानात बिकानेरकडे आणि हिमाचलात दिसतो. न भरणाऱ्या जखमेमागं शुगर, कातडीचा टीबी, कुष्ठरोग, बुरशी, काहीही असू शकतं. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, तिकडं प्रवास झाला असेल तर तेही सांगा. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून लावू नका, सूज उतरते म्हणून बरं वाटतं, पण पहाराच झोपवला तर काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहेच.

१४. वाळूजला आमच्या कंपनीत बिहारचा एक कामगार आहे, काळा आजार बरा होऊन दोन वर्षं झाली, आता तोंडावर फिके डाग आलेत. हे उंदरासारखंच का?

उंदरात जे आपण मुद्दाम घडवून बघतो ते माणसात आपोआप घडल्याचं हे उदाहरण असू शकतं, पण खात्री तपासणीनंतरच. काळा आजार बरा झालेल्यांपैकी भारतात साधारण पाच ते दहा टक्क्यांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कातडीवर फिके चट्टे, गाठी येतात, त्याला पीकेडीएल म्हणतात. कातडीत परजीवी असतात, आयएल-१० वाढलेलं असतं. माणूस ठणठणीत असतो, ताप नाही, कामावर येतो, म्हणून दवाखान्यात जात नाही. चट्टे बघून कुष्ठरोग समजून लोक त्याच्यापासून लांब बसतात, ते तर नकोच, हा हात लावल्यानं पसरत नाही. पसरतो माशीतून, त्याच्या कातडीतून माशीला परजीवी मिळू शकतो. त्याला सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात घेऊन जा आणि आधी काळा आजार झाला होता हे डॉक्टरला स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडच्या डॉक्टरांना हा रुग्ण क्वचित दिसतो. औषध आहे, कोर्स लांब असतो, अर्ध्यात सोडायला देऊ नका.